योहानेस म्यूलर आर्गोव्हिएन्सिस

योहानेस म्यूलर (९ मे १८२८ – २८ जानेवारी १८९६) हे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ होते. फ्रेंच भाषिक जिनिव्हात ते ज्याँ म्यूलर या नावानेही ओळखले जात. एरंड कुल (यूफोर्बिएसी) आणि शैवाक, म्हणजे दगडफुले, हे त्यांच्या अभ्यासाचे दोन मुख्य विषय होते. रबर, शेंदरी, दंती आणि चांदाडा या वनस्पतींच्या शास्त्रीय नावांपुढे ‘म्यूल. आर्ग.’ असा जो संक्षेप लिहिला जातो, तो त्यांच्या नावाचा आहे.

नाव आणि प्रारंभिक जीवन

म्यूलर यांचा जन्म स्वित्झर्लंडच्या आरगाउ प्रांतातील टॉयफेनथाल या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. म्यूलर हे आडनाव जर्मन भाषिकांत अतिशय प्रचलित आहे. त्या काळी ऑस्ट्रेलियात फर्डिनांड फोन म्यूलर आणि जर्मनीत शेवाळींचे अभ्यासक कार्ल म्यूलर हेही वनस्पतींना नावे देत होते. नावांचा घोटाळा टाळण्यासाठी त्यांनी आपल्या जन्मप्रांताच्या लॅटिन नावावरून ‘आर्गोव्हिएन्सिस’, म्हणजे ‘आरगाउचा’, हे उपपद जोडून घेतले.

जिनिव्हातील कार्य

१८५१ मध्ये म्यूलर जिनिव्हा येथे आल्फाँस द कांदोल यांच्या वनस्पतिसंग्रहाचे अभिरक्षक झाले. आल्फाँस यांचे वडील ओग्युस्तँ पिराम द कांदोल यांनी १८२४ मध्ये ‘प्रोड्रोमस’ हा बहुखंडी लॅटिन ग्रंथ सुरू केला होता. ज्ञात असलेल्या सर्व बीजधारी वनस्पतींचे वर्णन एकाच ठिकाणी द्यावे, हा त्याचा उद्देश होता. १८४१ मध्ये वडिलांचे निधन झाल्यावर आल्फाँस यांनी निरनिराळ्या तज्ज्ञांच्या साहाय्याने हे काम पुढे नेले.

१८५७ मध्ये म्यूलर यांचा रेसेडेसी कुलावरील प्रबंध प्रसिद्ध झाला. १८७० पासून ते जिनिव्हा शहराकडे आलेल्या दलसेर वनस्पतिसंग्रहाचे अभिरक्षक होते आणि ही जबाबदारी त्यांनी अखेरपर्यंत सांभाळली. १८७१ पासून त्यांनी जिनिव्हा विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे अध्यापनही केले.

एरंड कुलाचे वर्गीकरण

एरंड कुलातील वनस्पतींची बाह्य रूपे इतकी भिन्न आहेत की त्या एकाच कुलातील आहेत हे पाहताक्षणी पटत नाही. एरंडाचे रोप, पर्णहीन शेर, काटेरी निवडुंगासारखे थोर, कंदासाठी लावला जाणारा टॅपिओका आणि रबराचा उंच वृक्ष हे सर्व या एकाच कुलात येतात. पुष्कळांत चीक असतो, पण सर्वांत नसतो. फुले बहुधा लहान व एकलिंगी असतात. अनेक जातींत नरफुले एका झाडावर आणि मादीफुले दुसऱ्या झाडावर येतात. त्यामुळे संग्राहकाने पाठविलेल्या वाळलेल्या फांदीवर बहुधा अर्धीच ओळख हाती येई. परिणामी एकाच वनस्पतीला अनेक नावे मिळाली होती आणि कित्येक जाती चुकीच्या प्रजातींत घातल्या गेल्या होत्या.

या कुलाच्या प्रजातींची मांडणी आद्रियाँ द ज्यूस्यू यांनी १८२४ मध्ये केली होती. १८५८ मध्ये पॅरिसच्या आँरी बायाँ यांचा विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध झाला. यानंतर ‘प्रोड्रोमस’साठी हे कुल म्यूलर यांच्याकडे आले. यूफोर्बिया व तिच्या निकटच्या प्रजातींचा भाग एदमाँ ब्वास्ये यांनी १८६२ मध्ये पूर्ण केला; उरलेले सर्व कुल म्यूलर यांनी हाताळले. १८६३ ते १८६५ या काळात प्राथमिक निष्कर्ष ‘लिनिया’ या नियतकालिकात देऊन १८६६ मध्ये त्यांनी संपूर्ण विवेचन प्रसिद्ध केले. ते हजारांहून अधिक पृष्ठांचे आहे.

पानांचा आकार किंवा झाडाची ठेवण यांपेक्षा म्यूलर यांनी फुलांच्या व बियांच्या अंतर्रचनेवर भर दिला. बियांतील गर्भाची बीजदले आदिमुळाइतकीच अरुंद आहेत की त्याहून पुष्कळ रुंद, यावरून त्यांनी कुलाचे दोन मोठे विभाग केले. अरुंद बीजदलांच्या विभागात मुख्यत्वे ऑस्ट्रेलियातील वनस्पती होत्या. त्यानंतर किंजपुटाच्या प्रत्येक कप्प्यात एक बीजुक आहे की दोन, हे लक्षण त्यांनी घेतले. पुढचे विभाजन कळीच्या अवस्थेवरून केले: नरफुलाच्या संवर्ताची दले एकमेकांना केवळ कडेने टेकतात की एकमेकांवर चढतात, आणि कळीत पुंकेसर सरळ असतात की आत वळलेले, हे त्यांनी पाहिले.

ही पद्धत शेंदरीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. लामार्क यांनी या वृक्षाला क्रोटन प्रजातीत ठेवले होते. क्रोटनच्या नरफुलात कळी असताना पुंकेसर आत वळलेले असतात. शेंदरीत ते सरळ असतात आणि फुलाला पाकळ्या नसतात. म्यूलर यांनी १८६५ मध्ये हा वृक्ष मॅलोटस प्रजातीत नेला. शेंदरीच्या फळांवरील तांबड्या भुकटीने रेशीम रंगवीत असत.

भारतातील वनस्पती

आयुर्वेदात मुळांसाठी वापरली जाणारी दंती पूर्वी मोगली एरंडाच्या जट्रोफा प्रजातीत घातलेली होती. म्यूलर यांनी १८६६ मध्ये तिला बॅलिओस्पर्मम प्रजातीत ठेवले. तीव्र रेचक असलेला जमालगोटा क्रोटन प्रजातीतील आहे. त्याच्या बियांनाही व्यवहारात दंतीबीज म्हटले जात असल्याने येथे ओळखीतील चूक औषधातील चूक ठरू शकते. कोकणात व सह्याद्रीत आढळणाऱ्या चांदाड्याला विल्यम रॉक्सबर्ग यांनी चंदनाच्या कुलातील ऑसिरिस प्रजातीत स्थान दिले होते. म्यूलर यांनी तो मॅकारँगा या एरंड कुलातील प्रजातीत आणला. बागांतून रंगीत पानांसाठी लावल्या जाणाऱ्या अ‍ॅकॅलिफा विल्केसियाना या झुडपाचे नावही त्यांनीच १८६६ मध्ये दिले.

रबराच्या वृक्षाचे हेविया ब्राझिलिएन्सिस हे नाव त्यांनी १८६५ मध्ये निश्चित केले. त्यानंतर अकरा वर्षांनी, १८७६ मध्ये, हेन्री विकहॅम यांनी ब्राझीलमधून नेलेल्या बियांपासून आशियातील रबर लागवडीचा पाया घातला गेला. आज केरळात आणि काही प्रमाणात गोवा व सिंधुदुर्गातही त्याची लागवड आहे.

थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथातही (१९०१–१९०८) म्यूलर यांची नावे आढळतात.

इतर संशोधन

‘फ्लोरा ब्राझिलिएन्सिस’ या ग्रंथमालेसाठी म्यूलर यांनी करवीर कुल (१८६०), एरंड कुल (१८७३–७४) आणि कदंब कुल (१८८१) यांवर लेखन केले.

शैवाकांचा अभ्यास त्यांनी आयुष्यभर केला आणि जगाच्या अनेक भागांतून आलेल्या नव्या जातींची वर्णने प्रसिद्ध केली. मात्र शैवाकांच्या स्वरूपाविषयी त्यांचे मत टिकले नाही. शैवाक हा कवक आणि शैवल यांचा संयुक्त देह आहे, असे झिमोन श्वेंडेनर यांनी १८६० नंतरच्या दशकात प्रतिपादन केले. शैवाक ही स्वतंत्र वनस्पतीच आहे, या मतावर म्यूलर ठाम राहिले. कालांतराने श्वेंडेनर यांचा सिद्धांत सर्वमान्य झाला. म्यूलर यांनी वर्णिलेल्या अनेक जाती मात्र मान्य राहिल्या.

मृत्यू आणि वारसा

म्यूलर यांचे २८ जानेवारी १८९६ रोजी जिनिव्हा येथे निधन झाले.

त्यांच्या वर्गीकरणाचे पुढे अंशतः समर्थन झाले आणि अंशतः खंडन. जॉर्ज बेंथम यांनी १८८० मध्ये कुलाची फेरमांडणी केली. फर्डिनांड पाक्स यांनी १८९० मध्ये बीजदलांवर आधारलेले विभाग कायम ठेवले. पण अरुंद बीजदलांच्या वनस्पती एकमेकींच्या निकटच्या नाहीत, हे विसाव्या शतकात स्पष्ट झाले आणि तो विभाग सोडून देण्यात आला. बीजुकांच्या संख्येचे महत्त्व मात्र वाढले. डीएनएवर आधारित अभ्यासानंतर कप्प्यात दोन बीजुके असलेल्या वनस्पती एरंड कुलातून वेगळ्या करण्यात आल्या. त्यामुळे आवळा, भुईआवळी आणि असाणा यांचा समावेश आता फायलँथेसी या स्वतंत्र कुलात होतो.

दंतीचे त्यांनी योजलेले नावही अधिक जुन्या नावाला अग्रक्रम मिळाल्याने बदलले; तिची बॅलिओस्पर्मम ही प्रजाती मात्र तीच राहिली. शेंदरी, चांदाडा आणि रबर यांची त्यांनी दिलेली नावे आजही प्रचारात आहेत.