विश्लेषण : संकरित ऊस जोमाने का वाढतो? जानकी अम्मल यांचं संशोधन आजही महत्त्वाचं का?

महाराष्ट्रातल्या ऊस उत्पादकाला '८६०३२' म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. या वाणाचं पूर्ण नाव को ८६०३२. त्यातलं 'को' म्हणजे कोइमतूर. तिथल्या ऊस पैदास केंद्रात १९३४ मध्ये एक महिला शास्त्रज्ञ रुजू झाल्या. त्यांचं नाव एडवलेथ कक्कट जानकी अम्मल.

कोण होत्या जानकी अम्मल?

जन्म ४ नोव्हेंबर १८९७, केरळमधील तलश्शेरी. मद्रासमध्ये शिक्षण आणि अध्यापन केल्यावर शिष्यवृत्ती मिळवून त्या अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात गेल्या. १९३१ मध्ये वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. मुलींची लग्नं लवकर उरकण्याच्या त्या काळात त्या अविवाहित राहिल्या. त्या थिय्या समाजातल्या. कोइमतूरमध्ये स्त्री म्हणून आणि जातीमुळेही त्यांना त्रास सोसावा लागला, असं त्यांच्या आयुष्याच्या अभ्यासकांनी नोंदवलं आहे.

उसात नेमकं काय घडतं?

जाड, रसदार ऊस गोड असतो, पण नाजूक. कांस हे रानगवत त्याचं नातेवाईक. ते गोड नाही, मात्र काटक आहे. या दोघांच्या संकरातून गोडवा आणि काटकपणा एकत्र आणण्याचं काम कोइमतूरमध्ये आधीपासून सुरू होतं. जानकी अम्मल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली या संकरांची गुणसूत्रं मोजली. उसाचा मक्यासारख्या दूरच्या पिकाशीही संकर केला.

गोड उसात ८० गुणसूत्रं असतात. कांसाशी संकर करताना मादी ऊस अनेकदा निम्मा नव्हे, तर आपला पूर्ण संच पुढच्या पिढीला देतो. म्हणूनच आजच्या वाणांत शंभराहून अधिक गुणसूत्रं आढळतात.

मग वाढ कशावर ठरते?

केवळ जनुकांच्या संख्येवर नाही. पानातल्या आणि कांडीतल्या पेशींत जनुकं तीच असतात. चालू कोणती, बंद कोणती आणि किती प्रमाणात चालू, हे वेगळं असतं. यालाच जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात. संकरित उसात एकाच जनुकाच्या दोन्ही पालकांकडून आलेल्या अनेक प्रती असतात. त्यांचा मेळ जमला तर फुटवे, खोडवा, साखर यांत फायदा होतो. फार दूरच्या संकरात तो मेळ बिघडू शकतो आणि रोप दुबळं किंवा वांझ निघतं.

जानकी अम्मल यांच्या काळात ही अभिव्यक्ती मोजण्याचं साधन नव्हतं. आज ती मोजता येते. मात्र कोणत्या झाडात गुणसूत्रांचे किती संच आहेत, हे आधी माहीत असावं लागतं.

लंडन ते सायलेंट व्हॅली

१९३९ मध्ये त्या परिषदेसाठी ब्रिटनला गेल्या आणि महायुद्ध पेटल्याने तिथेच राहिल्या. १९४५ मध्ये सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासह त्यांनी लागवडीखालील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश प्रसिद्ध केला. पुढे विस्ली इथल्या बागेत त्यांनी मॅग्नोलियाच्या रोपांवर कोल्चिसिन वापरलं. या रसायनामुळे पेशी विभागताना गुणसूत्रं वेगळी होत नाहीत, संच दुप्पट होतो आणि पेशी मोठ्या होतात. तिथल्या मॅग्नोलियाच्या एका वाणाला त्यांचं नाव आहे.

१९५१ मध्ये पंतप्रधान नेहरूंच्या निमंत्रणावरून त्या परतल्या आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पुनर्रचनेत सहभागी झाल्या. १९७७ मध्ये पद्मश्री मिळाली.

ऐंशीच्या घरात असताना त्या केरळमधल्या सायलेंट व्हॅली जलविद्युत प्रकल्पाविरुद्ध उभ्या राहिल्या. जंगल बुडालं तर त्यातली रानटी वाणंही जातील, आणि रानटी वाणांची किंमत कांसावर काम केलेल्या या बाईंना चांगलीच ठाऊक होती.

७ फेब्रुवारी १९८४ रोजी त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाली.