मुदत संपली, अभ्यास बाकी : परदेशातले विद्यार्थी बाबासाहेब

मे-जून आला की अमेरिका-इंग्लंडमधल्या विद्यापीठांचे वर्ष संपते. परीक्षा उरकतात, वसतिगृहाच्या खोल्या रिकाम्या होतात, तिथली पोरे आपापल्या गावी जातात. आपल्याकडून गेलेल्या पोराला मात्र त्याच आठवड्यात वेगळा हिशेब मांडावा लागतो. पैसे किती उरले, शिष्यवृत्ती किती महिन्यांची राहिली, थांबायचे की परत फिरायचे? आता तालुक्यातालुक्यातून मुले बाहेर शिकायला जातात, त्यामुळे हा हिशेब गावच्या घरांनाही ठाऊक झाला आहे. शंभर वर्षांपूर्वी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तो तीन वेळा मांडावा लागला.

बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी जयंतीच्या प्रत्येक फलकावर असते. लहान पोरेही घडाघडा म्हणून दाखवतात. पण त्या यादीत एक गोष्ट दिसत नाही. प्रत्येक वेळी अभ्यास पुरा व्हायच्या आत पैसे किंवा मुदत संपलेली होती.

साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव रजिस्टरला १९१४ क्रमांकावर चढले. पुढे मुंबईत मॅट्रिक, मग एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. १९१३ च्या जानेवारीत ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले आणि २ फेब्रुवारीला वडील रामजी सुभेदार वारले. घरचा आधार तुटला. त्याच वर्षी सयाजीराव गायकवाड महाराजांनी परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. बदल्यात शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करायची, असा करार ४ जून १९१३ रोजी झाला. मुलगा यशवंत तेव्हा सहा महिन्यांचाही नव्हता. जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले.

सुरुवातीचे काही महिने मित्रमंडळींबरोबर हिंडण्याफिरण्यात गेले, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. वय बावीस, शहर न्यूयॉर्क, आणि आयुष्यात पहिल्यांदाच जात न विचारता शेजारी बसवणारी माणसे. नवल वाटायचे कारण नाही. वसतिगृहातले जेवण मानवेना म्हणून राहण्याची जागा बदलली, आणि शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर खोली मिळाली. हे भथेना पुढे जन्मभराचे मित्र झाले. त्यांचे नाव या हकिकतीत परत परत येणार आहे.

मग मात्र बाबासाहेबांनी दिवस मोजायला सुरुवात केली. तीन वर्षे म्हणजे सहा सत्रे. त्यात एम.ए. आणि पीएच.डी. दोन्ही बसवायचे. अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान, जे वर्ग मिळतील ते त्यांनी घेतले, वर फ्रेंच आणि जर्मनही. पाणी सुटायची पाळी ठरलेली असली की शेतकरी रात्रीचीही दारी धरतो, तसा प्रकार. जून १९१५ मध्ये एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. जातीची घडण कशी झाली यावरचा हा निबंध सत्राच्या अगदी शेवटी, पीएच.डी.च्या प्रबंधाचे काम डोक्यावर असताना तयार झाला होता. जूनमध्ये प्रबंधही दिला गेला. आणि त्याच जूनमध्ये तीन वर्षांची मुदत संपली.

ही पहिली वेळ. बडोद्याकडून आणखी एका वर्षाची वाढ मिळाली. पण कोलंबियाची पीएच.डी. तेव्हा प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला दिल्यावरच हातात पडायची. छापायला पैसे कुठले? ते काम मागे टाकून बाबासाहेब लंडनला निघाले.

ऑक्टोबर १९१६ मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, आणि बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इनमध्ये. बॅरिस्टरीच्या सत्रांची रीत आपल्याला गंमतीची वाटेल. ग्रेज इनसारख्या संस्थेच्या भोजनगृहात प्रत्येक सत्रात ठरावीक वेळा जेवायला बसले तरच ते सत्र भरले असे धरत. वर्षाला चार सत्रे आणि एकूण साधारण बारा सत्रे भरायची. थोडक्यात, हजेरी वर्गात नाही तर पंगतीत लागायची. गावात ज्यांना पंगतीत बसू दिले जात नव्हते त्या समाजाचा एक तरुण लंडनच्या वकिलांच्या पंगतीला बसून सत्रे भरत होता.

बाहेर पहिले महायुद्ध चालू होते. एक वर्ष म्हणता म्हणता गेले. १९१७ च्या उन्हाळ्यात वाढीव मुदत संपली आणि बडोद्याहून परत येण्याचा निरोप आला. लंडनचा प्रबंध अर्धा, बॅरिस्टरीची सत्रे अर्धी. कोणताही विद्यार्थी इथे हताश झाला असता. बाबासाहेबांनी निघण्याआधी एक काम केले, आणि पुढचे सगळे त्यावर उभे राहिले. प्रा. एडविन कॅनन यांच्या मदतीने त्यांनी विद्यापीठाकडून परवानगी मिळवली, की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन राहिलेला अभ्यास पुरा करता येईल. पैसा नव्हता, पण वाट बंद होऊ दिली नाही.

परतीचा प्रवास युद्धातला. बाबासाहेब एका बोटीने आले आणि सामान दुसऱ्या बोटीने पाठवले. ती सामानाची बोट टॉर्पेडोने बुडाली. बोट बुडाल्याची बातमी मुंबईत आली तेव्हा घरच्यांचा जीव टांगणीला लागला, मग कळले की माणूस सुखरूप आहे, सामान गेले. २१ ऑगस्ट १९१७ ला ते मुंबईत उतरले. सामानाच्या नुकसानीचे ६०० रुपये थॉमस कुक कंपनीकडून मिळाले. त्यातले काही घरी ठेवून उरलेल्यातून बडोद्याला जाण्याचा खर्च भागला. बुडालेल्या सामानाच्या भरपाईवर नोकरीच्या गावी पोचलेला हा बहुधा एकटाच अर्थशास्त्रज्ञ असावा.

बडोद्यात काय झाले ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. कुणी घर देईना, म्हणून पारशी धर्मशाळेत राहिले, अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले, दिवस बागेत काढून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. दहा वर्षांचा करार तिथेच विरला. ज्या शिक्षणासाठी करार केला ते शिक्षण पाहायलाही कुणी तयार नव्हते.

पुढची तीन वर्षे चार वर्षांच्या मुदतीतून वजा होत गेली. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, पगार ४५० रुपये. तेव्हाच्या मानाने मोठा पगार. पण कुटुंब परळच्या चाळीत दोन खोल्यांतच राहिले, कारण पैसा लंडनसाठी साठवायचा होता. रमाबाईंनी घरखर्च आवळून धरला. कॉलेजात प्राध्यापकांच्या खोलीतले पाणी प्यायलाही काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. मार्च १९२० मध्ये नोकरी सोडली. स्वतःची शिल्लक, भथेनांकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज आणि कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांची मदत, एवढ्यावर जुलै १९२० मध्ये ते बोटीत बसले. मुदत संपायला सव्वा वर्ष उरले होते.

आता लंडनचे राहणे. किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेऊन स्मारक केले. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहिले. आज आपली माणसे जाऊन फोटो काढतात. तेव्हाचे राहणे फोटो काढण्यासारखे नव्हते. घरमालकीण कडक आणि हात आखडता. सकाळी पावाचा तुकडा आणि थोडे काही, की हे ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात. दुपारचे जेवण बहुतेक नाहीच. वाचनालय बंद होईपर्यंत बसायचे, खिसे टिपणांच्या कागदांनी फुगलेले. रात्री परत अभ्यास, आणि भूक अनावर झाली की ओळखीच्या एका गुजराती गृहस्थाने दिलेले पापड भाजून खायचे.

सत्र संपले की इंग्रज विद्यार्थी घरी जायचे. बाबासाहेबांना सुट्टी म्हणजे व्याख्याने नसलेले, वाचनालयासाठी मोकळे दिवस. त्या वाचनालयात बसायला पैसे पडत नव्हते, हीही गोष्ट लहान नाही.

त्यात रुपया घसरला. १९२० च्या सुरुवातीला एका रुपयाला दोन शिलिंगांहून जास्त मिळत होते. १९२१ मध्ये भाव सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. म्हणजे दोन शिलिंगांच्या भावाने हजार रुपयांचे शंभर पौंड व्हायचे, तिथे साडेबासष्टच हातात पडू लागले. मुंबईत पोटाला चिमटा घेऊन जमवलेल्या पैशाचा तिसरा हिस्सा खर्च न करताच गेला. कांद्याचा भाव पडल्यावर भरलेल्या चाळीकडे बघताना शेतकऱ्याला काय वाटते, ते इथे आठवावे. सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंडांचे कर्ज मागितले आणि हुंडणावळीच्या घसरणीने आपले गणित कोलमडल्याचे कळवले. इकडे रमाबाईंचीही पैशाची ओढ होती. त्यांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी आपणही उपाशीच आहोत अशी अवस्था मोकळेपणाने सांगितली. परदेशातून घरी लिहिताना पोरे सहसा हे लपवतात.

आणि डी.एस्सी.साठी त्यांनी घेतलेला विषय कोणता? रुपयाचाच. रुपयाचा भाव कशाने ठरतो, सरकार तो कसा हलवते आणि त्याचा फटका कुणाला बसतो. पुस्तकातला प्रश्न आणि खिशातला प्रश्न एकच होता. रिझर्व्ह बँक याच पुस्तकावरून निघाली असा मजकूर मोबाईलवर दर एप्रिलमध्ये फिरतो. तेवढे सरळ ते नाही. १९२५ मध्ये चलनाच्या प्रश्नावरील हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, हे मात्र पक्के.

जून १९२१ मध्ये एम.एस्सी. मिळाली, १९२२ मध्ये बॅरिस्टरी पुरी झाली. मधल्या काळात जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही नाव घातले होते, ते तडीला गेले नाही. मे १९२२ मध्ये शाहू महाराज वारले. ऑक्टोबरमध्ये रुपयावरचा प्रबंध दाखल झाला. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो नव्याने लिहून आणायला सांगितले. इंग्रज सरकारच्या चलन धोरणावरची टीका त्यांना झोंबली होती. लंडनला राहून तो परत लिहायचा तर आणखी काही महिन्यांचे पैसे हवे होते, आणि गाठीला काही उरले नव्हते.

ही तिसरी वेळ. एप्रिल १९२३ मध्ये बाबासाहेब हाती न आलेली पदवी मागे ठेवून मुंबईला परतले. वकिलीची सनद काढायलाही पैसे नव्हते, ते पुन्हा भथेनांनी दिले. कोर्टाचे काम सुरू करता करता त्यांनी चाळीतच बसून प्रबंध सुधारला. भाषा थोडी सौम्य केली, निष्कर्ष तेच ठेवले, आणि लंडनला पाठवून दिला. नोव्हेंबर १९२३ मध्ये तो मान्य झाला. पुढच्याच महिन्यात पुस्तक निघाले, प्रस्तावना प्रा. कॅनन यांची. पुस्तकातली काही मते आपल्याला पटत नाहीत हे सांगूनही त्यांनी ती लिहिली.

राहता राहिली कोलंबियाची पीएच.डी. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचे पुस्तक १९२५ मध्ये लंडनला छापून निघाले, प्रस्तावना न्यूयॉर्कचे प्रा. सेलिग्मन यांची. छापील प्रती विद्यापीठाकडे गेल्या आणि १९२७ मध्ये पदवी मिळाली. शिष्यवृत्ती संपून तेव्हा दहा वर्षे झाली होती, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता.

कोलंबियाच्या पदवीदानाला ते स्वतः हजर राहिले ते ५ जून १९५२ रोजी, सन्मानाची एलएल.डी. घ्यायला. यशवंत तेव्हा एकोणचाळीस वर्षांचे होते. रमाबाई १९३५ मध्येच गेल्या होत्या.