कोसबादच्या अनुताई

पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात कोसबाद नावाची एक टेकडी आहे. तिच्या भोवतालच्या पाड्यांतून मुख्यतः वारली लोक राहतात. पूर्वी पाड्यात एखादे मूल तापाने फणफणले किंवा गोठ्यातील गाय मेली, म्हणजे लोक भगताकडे धाव घेत. भगत सुपात तांदळाचे दाणे टाकून दुखण्याचे कारण सांगे. कधी देवाचा कोप झाला असे ठरे, तर कधी गावातीलच एखाद्या बाईने करणी केली असे ठरे. त्या बाईला भुताळी म्हणत. पुष्कळदा ती विधवा किंवा निराधार असे. तिला मारहाण होई, गावाबाहेर घालविले जाई. प्रसंगी तिचा प्राणही जाई. हे केवळ येथेच घडले असे नाही. सोळाव्या व सतराव्या शतकांत युरोपातही हजारो स्त्रियांना चेटकिणी ठरवून मारण्यात आले.

याच पाड्यांतील मुलांसाठी अनुताई वाघ यांनी आपले आयुष्य वेचले. अनुताईंचा जन्म 1910 साली पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचा विवाह झाला आणि सहाच महिन्यांत त्यांना वैधव्य आले. त्या काळी विधवेचे दर्शनही अशुभ मानीत. मृत्यूचा दोष निरपराध स्त्रीच्या माथी मारण्याची रीत शहाण्यासुरत्या घरांतही होती! परंतु अनुताई खचल्या नाहीत. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि पुण्याच्या हुजूरपागा शाळेत शिकवू लागल्या. रात्रशाळेत अभ्यास करून 1937 साली त्या मॅट्रिक झाल्या.

1945 साली ताराबाई मोडक यांच्याबरोबर त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी आल्या आणि पुढे 1956 मध्ये कोसबादच्या टेकडीवर गेल्या. तेथील मुले शाळेत येईनात. कोणाला गुरे राखावी लागत, तर कोणाला धाकटी भावंडे सांभाळावी लागत. तेव्हा अनुताईंनी शाळाच मुलांकडे नेली. पाड्याच्या अंगणात बालवाडी भरू लागली; गुरे चरत तेथे कुरणशाळा भरू लागली. शंखशिंपले, पाने व बिया हेच शिक्षणाचे साहित्य झाले. मुलांना न्हाऊमाखू घालणे, त्यांची नखे काढणे, खरूज धुऊन औषध लावणे, हाही शिक्षणाचाच भाग होता. हिवताप डासांमुळे येतो व हगवण घाण पाण्यामुळे होते, हे ज्या मुलाला उमगते, त्याला मोठेपणी भुताळी शोधावी लागत नाही.

1969 साली याच जिल्ह्यात तारापूर येथे भारतातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. विजेने घरे उजळली. पण मनातील भय केवळ विजेच्या दिव्याने जात नाही. ते घालविण्याचे काम अनुताई टेकडीवर राहून अखेरपर्यंत करीत होत्या. 1961 साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्या पदवीधर झाल्या. 1985 साली त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला. 27 सप्टेंबर 1992 रोजी त्यांचे निधन झाले.

पुढे 2013 साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायदा अपराध्यास शासन करतो. परंतु ज्या भयातून अपराध घडतो, ते भय ज्ञानाने आणि मायेनेच नाहीसे होते. समाजाने अशुभ मानलेल्या एका बालविधवेने शेकडो मुलांचे जीवन शुभ केले, हेच तिने त्या समजुतीला दिलेले उत्तर होय.