कापड दुकानदाराने पाहिलेली दाढ

दाढ ठणकायला लागली की आपण बायका काय करतो? लवंग धरतो, नाहीतर एखादी गोळी घेतो आणि पोळ्या लाटायला लागतो. ठणका थांबला की विषय संपला! पण किडलेल्या दाढेच्या मुळात काय चाललेलं असतं, ते तीनशे वर्षांपूर्वी एका कापड दुकानदाराने पाहून ठेवलंय. त्यांचं नाव अँटनी व्हॅन ल्युवेनहॉक.

१६३२ साली हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी त्यांचा जन्म झाला. वडील टोपल्या विणायचे, ते लवकर वारले. सोळाव्या वर्षी अँटनी अ‍ॅमस्टरडॅमला कापड व्यापाऱ्याकडे कामाला लागले. पुढे गावी येऊन स्वतःचं दुकान थाटलं. १६५४ मध्ये बार्बराशी लग्न झालं. पाच मुलं झाली, जगली एकटी मारिया. १६६६ मध्ये बार्बराही गेली. दुसरी पत्नीही त्यांच्या आधीच वारली. म्हातारपणी वडिलांना सांभाळलं ते अविवाहित राहिलेल्या मारियानेच.

कापडाचे धागे तपासायला व्यापारी भिंग वापरत. ल्युवेनहॉकना त्याचाच नाद लागला. त्यांनी घासलेली इवलीशी भिंगं वस्तू अडीचशे पटींहून मोठी दाखवत. कॉलेजचं शिक्षण नाही, डचशिवाय भाषा येत नाही. तरी १६७३ पासून ते लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रं लिहीत राहिले. १६८० मध्ये सोसायटीने त्यांना सभासद करून घेतलं.

१६८३ मध्ये त्यांनी स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर भिंगाखाली धरला. रोज मिठाने दात घासणारा हा माणूस, तरी थरात वळवळणारे जीव दिसले! कधीच दात न घासणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या तोंडात तर त्यांची जत्राच होती. पुढे एका किडक्या दाढेच्या पोकळ मुळातला मऊ गाळ काढून पाहिला, तर तिथेही तेच जीव.

हे जीव आजार करतात, हे मात्र तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. १७२३ मध्ये, नव्वदी ओलांडून ते गेले. मारियाने डेल्फ्टच्या चर्चमध्ये त्यांचं स्मारक उभारलं. १८९४ मध्ये बर्लिनला काम करणाऱ्या मिलर या दंतवैद्याने दाताच्या आजारी गरात जंतू दाखवले. १९६५ मध्ये अमेरिकेत उंदरांवर प्रयोग झाला. जंतूच नसलेल्या उंदरांचे उघडे पडलेले दात भरून आले, बाकीच्यांचे सडले.

आज आपल्याला कळतं की यातल्या काही जंतूंच्या आवरणातच विष असतं. जंतू मेला की ते सुटतं. दाताचा गर सुजतो, पण चहूकडून कडक दात, मग सुजेला जागा कुठे? म्हणून तो जीवघेणा ठणका. गर मेला की दुखणं थांबतं, पण जंतू आत राहतात. विष मुळाच्या टोकातून बाहेर झिरपतं आणि तिथलं हाड झिजतं. चावताना दुखणं, हिरडीवर पुळी येणं, गाल सुजणं ही त्याचीच लक्षणं.

तेव्हा मैत्रिणींनो, ठणका थांबला म्हणून दवाखाना टाळू नका. वेळीच मुळाची साफसफाई, म्हणजे रूट कॅनाल केलं, तर बरेचदा दात वाचतो. सूज वाढून ताप आला, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर तासभरही थांबू नका. घरच्यांचे डबे एक दिवस उशिरा भरले तरी चालतील!