अर्ध्या झग्याचे संत : टूर्सचे बिशप मार्टिन

दरवर्षी ११ नोव्हेंबर रोजी ख्रिस्तसभा टूर्सचे बिशप संत मार्टिन यांचा स्मृतिदिन पाळते. आपल्याकडे हे दिवस दिवाळीच्या आगेमागे येतात. लातूरकडे सोयाबीनच्या राशी झालेल्या असतात, नांदेडकडे कापसाची वेचणी चालू असते, ज्वारी-हरभऱ्याची पेरणी उरकत आलेली असते आणि पहाटे घोंगडी अंगावर ओढावीशी वाटते. याच दिवसांत दूर जर्मनीतील लहान लहान गावांत मुले कागदी कंदील घेऊन रस्त्यावर निघतात, ती याच संताच्या आठवणीसाठी.

मार्टिन हे नाव आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे ते ३ नोव्हेंबरच्या संत मार्टिन दे पोरेस यांच्यामुळे. ते पेरू देशातील धर्मबंधू होते. आज आपण ज्यांचे चरित्र पाहणार आहोत ते त्यांच्याही बाराशे वर्षे आधीचे.

सैनिकाचा मुलगा

मार्टिन यांचा जन्म इ. स. ३१६ च्या सुमारास आजच्या हंगेरी देशातील सावारिया या गावी झाला. वडील रोमन सैन्यात अधिकारी होते व रोमन देवदेवता मानणारे होते. मुलाचे नावही त्यांनी युद्धदेव मार्स याच्यावरून ठेवले. वडिलांच्या बदलीमुळे मार्टिन यांचे बालपण इटलीतील पाविया येथे गेले. दहा वर्षांचे असताना ते आईवडिलांच्या मनाविरुद्ध चर्चमध्ये गेले व स्नानसंस्काराची तयारी करणाऱ्या दीक्षार्थींत त्यांनी आपले नाव घातले. परंतु सैनिकांच्या मुलांनी सैन्यातच भरती व्हावे असा बादशहाचा हुकूम होता. त्यामुळे पंधराव्या वर्षी त्यांना घोडदळात जावे लागले. त्यांना एक नोकर मिळाला होता. मार्टिन त्याच्या बरोबरीने जेवत आणि त्याचे जोडे स्वतः साफ करीत.

त्यांची तुकडी आजच्या फ्रान्समधील आमियाँ या शहरात असताना ती प्रसिद्ध घटना घडली. हिवाळा कडाक्याचा होता. थंडीने माणसे मरत होती. शहराच्या वेशीत एक भिकारी उघड्या अंगाने कुडकुडत बसला होता. येणारेजाणारे पाहून पुढे जात होते. मार्टिन यांच्यापाशी देण्यासारखे काहीच उरले नव्हते, कारण पगाराचे पैसे आधीच वाटून झाले होते. अंगावर झगा तेवढा होता. त्यांनी तलवार उपसली, झग्याचे दोन तुकडे केले, एक भिकाऱ्याला दिला आणि उरलेला स्वतःच्या खांद्यावर टाकला. फाटक्या झग्यातला शिपाई पाहून काही लोक हसले. त्या रात्री मार्टिन यांना स्वप्नात प्रभू येशूचे दर्शन झाले. प्रभूच्या अंगावर तोच अर्धा झगा होता. त्यानंतर लवकरच त्यांनी स्नानसंस्कार घेतला.

पुढे जर्मनीतील वोर्म्स येथे लढाईच्या आदल्या दिवशी सैनिकांना बक्षिसी वाटली जात होती. मार्टिन यांनी ती नाकारली व आता आपण फक्त ख्रिस्ताचे शिपाई आहोत असे सांगून सुटका मागितली. त्यांच्यावर भित्रेपणाचा आरोप झाला. तेव्हा हातात शस्त्र न घेता सर्वांच्या पुढे उभे राहण्याची त्यांनी तयारी दाखवली. त्यांना कोठडीत टाकण्यात आले. दुसऱ्या दिवशी शत्रूनेच तह मागितला आणि मार्टिन यांची सुटका झाली.

बदकांनी दाखवून दिलेले बिशप

सैन्य सोडल्यावर मार्टिन पॉइतिएचे बिशप संत हिलरी यांचे शिष्य झाले. घरी जाऊन त्यांनी आईला ख्रिस्ताकडे आणले. वडील मात्र बदलले नाहीत. इ. स. ३६१ च्या सुमारास त्यांनी लिगुजे येथे मठ स्थापन केला. फ्रान्समधील पहिल्या मठांत त्याची गणना होते.

इ. स. ३७१ मध्ये टूर्सच्या लोकांना मार्टिन आपले बिशप म्हणून हवे होते, पण ते मठ सोडायला तयार नव्हते. शेवटी कोणाची तरी पत्नी आजारी असल्याचे सांगून त्यांना बाहेर काढण्यात आले. पुढील काळातील दंतकथा म्हणते, की ते बदकांच्या खुराड्यात लपले होते आणि बदकांच्या कलकलाटाने पकडले गेले. काही बिशपांनी त्यांच्या मळक्या कपड्यांवर व विस्कटलेल्या केसांवर आक्षेप घेतला, पण लोकांनी तो मानला नाही.

बिशप झाल्यावरही ते शहराबाहेर मार्मुतिए येथे लाकडाच्या झोपडीत राहिले. त्यांच्याभोवती सुमारे ऐंशी मठवासी जमले. त्या काळी ख्रिस्ती धर्म बहुतांशी शहरांपुरता होता. मार्टिन पायी, गाढवावरून, नावेतून खेडोपाडी गेले व तेथे त्यांनी चर्चे उभी केली. आज आपण ज्याला धर्मग्राम म्हणतो, त्याची खेड्यांतील सुरुवात ज्यांनी केली त्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. मराठवाड्यात एकेक धर्मगुरू अनेक खेडी सांभाळतो. त्यामुळे त्यांचे हे कष्ट आपल्याला परके वाटत नाहीत.

ट्रियरची परीक्षा

झगा देण्याची गोष्ट सर्वांना माहीत असते. मार्टिन यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग मात्र नंतर आला, तो जर्मनीतील ट्रियर या शहरात. तेथे तेव्हा मॅक्झिमस बादशहाचा दरबार होता. स्पेनमधील प्रिसिलियन नावाच्या बिशपवर चुकीची शिकवण दिल्याचा व जादूटोण्याचा आरोप होता, आणि काही बिशपच त्याला मृत्युदंड व्हावा म्हणून दरबारात खटपट करीत होते. प्रिसिलियनची शिकवण मार्टिन यांनाही मान्य नव्हती. तरीही ते त्याच्यासाठी बादशहापुढे उभे राहिले. चुकलेल्याला ख्रिस्तसभेतून दूर करणे पुरेसे आहे, त्याचे रक्त सांडू नये, अशी विनंती त्यांनी केली. बादशहाने शब्द दिला; परंतु मार्टिन परत गेल्यावर तो मोडला. इ. स. ३८५ च्या सुमारास प्रिसिलियन व त्याच्या काही साथीदारांचा शिरच्छेद झाला.

मार्टिन पुन्हा ट्रियरला आले. आता प्रिसिलियनच्या अनुयायांना हुडकून मारण्यासाठी स्पेनला अधिकारी पाठवले जाणार होते. ज्यांनी ते रक्त सांडवले त्या बिशपांबरोबर वेदीवर उभे राहायला मार्टिन तयार नव्हते. बादशहाला मात्र तेच हवे होते. अधिकारी निघत आहेत हे कळताच मार्टिन रात्रीच राजवाड्यात गेले आणि अधिकाऱ्यांना परत बोलवावे या अटीवर त्यांनी त्या बिशपांबरोबर उपासनेत सहभागी होणे मान्य केले. स्पेनमधील माणसांचे प्राण वाचले. परतीच्या वाटेवर मार्टिन अरण्यात एकटेच बसून दुःख करीत राहिले. त्यानंतर मृत्यूपर्यंत ते बिशपांच्या कोणत्याही सभेला गेले नाहीत. आमियाँला त्यांनी अंगावरची अर्धी ऊब दिली होती. ट्रियरला, ज्यांची मते पटत नव्हती अशा माणसांसाठी, मनाची शांती देऊन टाकली.

इ. स. ३९७ मध्ये कांद या गावातील धर्मगुरूंमधील भांडण मिटवायला ते वृद्धापकाळी गेले. भांडण मिटले, पण तेथेच ८ नोव्हेंबरला ते प्रभूकडे गेले. त्यांचा देह नदीतून टूर्सला नेण्यात आला व ११ नोव्हेंबरला दफन झाले. हुतात्मा नसतानाही संत म्हणून ज्यांचा मान सर्वत्र झाला अशा पहिल्या काही संतांत ते आहेत. त्यांचा अर्धा झगा फ्रँक राजांनी जपून ठेवला. त्या छोट्या झग्याच्या लॅटिन नावावरूनच चॅपल हा शब्द आला.

कंदिलांचा सण

जर्मनीत नोव्हेंबरमध्ये झाडे उघडी होतात आणि पाचच्या सुमारासच अंधार पडतो. ११ नोव्हेंबरच्या सुमारास, विशेषतः ऱ्हाइन नदीच्या काठी, गावोगावी मिरवणूक निघते. पांढऱ्या घोड्यावर लाल झगा घेतलेला मार्टिन पुढे असतो. मागे शाळेत तयार केलेले कंदील घेऊन मुले गात चालतात. शेवटी होळीसारखा जाळ पेटवतात, झगा कापण्याचा प्रसंग करून दाखवतात आणि मुलांना माणसाच्या आकाराचा गोड पाव देतात. एर्फुर्ट शहरात कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट हा सण एकत्र साजरा करतात, कारण मार्टिन ल्यूथर यांचा बाप्तिस्मा १४८३ साली याच दिवशी झाला व त्यावरूनच त्यांचे नाव ठेवले गेले.

पूर्वी या दिवशी तेथे शेतीचे वर्ष संपत असे. जमिनीचा खंड भरायचा, गड्यांची मजुरी चुकती करायची, नवा मालक धरायचा, ते सारे मार्टिनच्या सणाला. आपल्याकडे सालगड्याचे साल पाडव्याला बदलते, तसेच. खंड पुष्कळदा बदकांच्या रूपाने दिला जाई. म्हणून आणि नाताळपूर्व उपवास सुरू होण्याआधीचे जेवण म्हणून या दिवशी भाजलेल्या बदकाचा बेत असे. तो अजूनही असतो.

आपल्यासाठी

लातूरकडे मार्गशीर्षात येळवस होते. वाटेने जाणाऱ्यालाही शेतात बोलावून भज्जी-आंबील वाढतात आणि संध्याकाळी पेटती पेंढी पिकाभोवती फिरवतात. वाटून खाणे आपल्या मातीला नवे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्या वर्षी थंडी आली तेव्हा हजारो कुटुंबे पत्र्याच्या शेडमध्ये होती. अंगावरच्या पांघरुणाची किंमत काय असते, हे आपल्या भागाला कोणी शिकवायला नको.

आजही दसरा-दिवाळीनंतर मुखेड, कंधार, जळकोट भागातून मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे लहान मुलांसह ऊसतोडीला निघतात आणि उघड्या रानात कोपी घालून हिवाळा काढतात. आपण त्यांना वापरून झालेले कपडे देतो. त्यात वाईट काही नाही. पण मार्टिन यांनी टाकाऊ दिले नाही. ज्याची स्वतःला त्या क्षणी गरज होती, त्यातले अर्धे दिले. म्हणून आम्ही सुचवतो, की या सणाआधी प्रत्येक घराने सोयाबीन काढणाऱ्यांची, कापूस वेचणाऱ्यांची व घरकाम करणाऱ्यांची राहिलेली मजुरी चुकती करावी. ती भिक्षा नव्हे, ते त्यांचे देणे आहे. त्यानंतर एक नवी घोंगडी ऊसतोडीला जाणाऱ्या एखाद्या घरासाठी द्यावी. आणि ज्याच्याशी आपले पटत नाही अशा एका माणसाची बाजू, त्याच्यावर अन्याय होत असेल तर, उघडपणे घ्यावी. हे तिसरे सर्वांत अवघड आहे. मार्टिन यांनाही ते सोपे गेले नाही.

आगमनकाळ जवळ येत आहे. नाताळला गोठ्यातील बाळाला आपण पांघरूण घालू, त्याआधी वेशीत बसलेल्याला घालूया. संत मार्टिन, आमच्यासाठी विनंती करा.