वळणावरचा दिग्दर्शक : राजा परांजपे

भेडाघाट-जबलपूर परिसरात राहणाऱ्या आपणा मराठी मंडळींकडे पाहुण्यांची वानवा कधीच नसते. पुण्या-नागपूरचे कुणी आले की धुवाँधार दाखवायचा, चौसष्ट योगिनींच्या देवळाच्या पायऱ्या चढायला लावायच्या आणि पंचवटी घाटावरून नावेत बसवायचे, हा आपला ठरलेला क्रम. (गणपतीत येणाऱ्यांची मात्र पंचाईत होते, कारण पावसाळ्यात नावा बंद!) दोन्ही बाजूंना संगमरवराचे उंच कडे, मधून चाललेली नर्मदा, आणि नावाड्यांची यमके जुळवत चाललेली कॉमेंट्री. एका ठिकाणी समोर कडा असा आडवा येतो की नदी तिथेच संपली असे वाटावे. नावाडी पाहुण्यांना विचारतो, पुढची वाट कोणती? कुणी डावीकडे बोट दाखवतो, कुणी उजवीकडे. तेवढ्यात नाव थोडी वळते आणि कड्यामागून पात्र पुन्हा मोकळे होते. नदी कुठेही थांबलेली नसते, फक्त आपल्याला दिसत नसते.

चांगली रहस्यकथा आणि चांगला रहस्यपट अगदी असाच असतो. पुढे वाट नाही असे वाटायला लावायचे आणि मग वळण दाखवायचे. मात्र ते वळण पहिल्यापासून तिथेच असले पाहिजे; आयत्या वेळी डोंगर फोडून काढलेले चालत नाही. ही विद्या ज्या मोजक्या मराठी दिग्दर्शकांना साधली त्यांत राजा परांजपे यांचे नाव फार वर आहे. आपल्या हिंदी भाषक शेजाऱ्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्यांची करामत आवडीने पाहिलेली आहे, पण ती मुळात त्यांची आहे हे बहुतेकांना ठाऊक नाही. म्हणूनच यंदाच्या स्मरणिकेत राजाभाऊंची आठवण.

राजाभाऊंचा जन्म 24 एप्रिल 1910 रोजी मिरजेचा. मिरज म्हणजे संगीताची आणि नाटकांची भूमी. राजाभाऊंना नाटकाचा नाद लहानपणीच लागला. जवळच्या कोल्हापुरात तेव्हा मराठी चित्रसृष्टी बाळसे धरत होती. मूकपट मागे पडून बोलपट आले होते. राजाभाऊ नट म्हणून या सृष्टीत शिरले आणि भालजी पेंढारकरांसारख्या दिग्दर्शकांच्या हाताखाली काम शिकले. आधी नट आणि मग दिग्दर्शक या क्रमाचा त्यांना फार उपयोग झाला. प्रेक्षक कुठे हसतो, कुठे श्वास रोखतो आणि कुठे कंटाळून चुळबुळ करतो, हे रंगमंचावर उभे राहणाऱ्या नटाला जेवढे कळते तेवढे इतरांना क्वचितच कळते.

चाळिशीच्या उंबरठ्यावर ते दिग्दर्शनाकडे वळले. पुढे त्यांचे सूर दोन मोठ्या माणसांशी जुळले. पटकथा, संवाद आणि गीते लिहिणारे ग. दि. माडगूळकर हे एक आणि संगीतकार सुधीर फडके हे दुसरे. या त्रिकुटाने पुढच्या काही वर्षांत मराठी घराघरांत आपली जागा केली. 1952 हे वर्ष तर राजाभाऊंचेच म्हणावे लागेल. त्या एका वर्षात ‘लाखाची गोष्ट’ आणि ‘पेडगावचे शहाणे’ असे दोन चित्रपट आले.

‘लाखाची गोष्ट’ हा विनोदी चित्रपट, पण त्याचा सांगाडा पाहिला तर तो उत्कंठेचाच आहे. लग्नाच्या बोलण्यातून पैज लागते : ठरलेल्या मुदतीत एक लाख रुपये खर्च करून दाखवायचे. त्या काळी लाख म्हणजे केवढी रक्कम! खर्च करण्यात काय कठीण, असे आपल्याला वाटते. पण पैसा संपवायला जावे तसा तो नव्या वाटेने परतच येऊ लागतो. प्रेक्षक हसतो आणि हसता हसता घड्याळाकडेही पाहत राहतो. राजा गोसावी आणि स्वतः राजाभाऊ यांच्या जोडीने या चित्रपटात धमाल उडवून दिली. चित्रपट पुण्यात लागला तेव्हा त्याचे नायक राजा गोसावी हे त्याच थिएटरच्या खिडकीत बसून तिकिटे विकत होते, असे आजही सांगितले जाते. राजाभाऊंच्या चित्रपटात शोभेल असाच हा प्रसंग!

1954 साली ‘ऊन पाऊस’ आला. आयुष्यभर शाळेत शिकवून निवृत्त झालेला मास्तर आणि त्याची पत्नी यांची उतारवयात मुलांच्या घरी वाटणी होते. एकाकडे आई, दुसऱ्याकडे वडील. मास्तरांचे काम राजाभाऊंनी स्वतः केले, तर पत्नीच्या भूमिकेत सुमती गुप्ते होत्या. पुढे जवळपास पन्नास वर्षांनी, 2003 मध्ये, ‘बागबान’ पाहताना अनेक जुन्या प्रेक्षकांना ‘ऊन पाऊस’ आठवला. नोकरीसाठी घर सोडून दूर आलेल्या आपल्यासारख्यांना तर हा विषय अधिकच जवळचा. 1956 मध्ये ‘गाठ पडली ठका ठका’ आणि ‘आंधळा मागतो एक डोळा’ आले. दुसऱ्या चित्रपटाने रमेश देव हा देखणा नट मराठी पडद्याला मिळाला. 1960 च्या ‘जगाच्या पाठीवर’मध्ये राजाभाऊंनी भटक्या गायकाची भूमिका केली आणि सीमा यांनी आंधळ्या मुलीची. 1963 च्या ‘हा माझा मार्ग एकला’मधून सचिन पिळगांवकर हा बालकलाकार पुढे आला. या चित्रपटाला राष्ट्रीय सन्मानही मिळाला.

त्याच वर्षी आलेला बिमल रॉय यांचा ‘बंदिनी’ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. त्यातला नूतनचा साधा, सात्त्विक पोस्टमास्तर बाप म्हणजेच आपले राजाभाऊ. हिंदी प्रेक्षकांना हा चेहरा ओळखीचा आहे, नाव मात्र नाही.

आणि मग आला 1964 चा ‘पाठलाग’.

ही कथा मुळात जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीतली. एक नामांकित वकील. पत्नीवर त्याचे विलक्षण प्रेम. ती जाते. तिच्या मृत्यूचे दुःख तो गिळतो न गिळतो, तोच पोलिसांच्या हाती दरोडेखोरांच्या टोळीतली एक बाई लागते. हुबेहूब त्या पत्नीसारखी! ती दरोडेखोर असल्याचे साफ नाकारते आणि आपणच या वकिलाची बायको असल्याचे सांगते. खटला उभा राहतो आणि त्या बाईची उलटतपासणी घेण्याची पाळी त्याच वकिलावर येते. नवरा-बायकोखेरीज कुणालाही ठाऊक नसलेल्या गोष्टी ती भर कोर्टात सांगू लागते, आणि वकिलाच्या पायाखालची वाळू सरकते. वकिलाच्या भूमिकेत डॉ. काशिनाथ घाणेकर होते आणि नायिकेचे अवघड काम भावना यांनी केले. गीते माडगूळकरांची, संगीत दत्ता डावजेकरांचे. त्यातले आशा भोसले यांचे गाणे ऐकताना गेलेली व्यक्ती आजूबाजूलाच वावरते आहे असे वाटत राहते.

शेवट मात्र इथे सांगणार नाही. काही वाचक म्हणतील की साठ वर्षांपूर्वीच्या चित्रपटाचे कसले गुपित! पण ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांचा आनंद हिरावून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही. रहस्यपट पाहून बाहेर पडणाऱ्याने आत जाणाऱ्याला काही सांगू नये, हा प्रेक्षकांचा आपसातला जुना धर्म आहे. आल्फ्रेड हिचकॉक यांनी 1960 मध्ये ‘सायको’ प्रदर्शित करताना खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडू नये असा नियमच घातला होता, तो काही उगीच नव्हे.

शेवट न सांगताही राजाभाऊंची हुशारी कुठे आहे ते सांगता येते. सामान्य रहस्यपटात गुन्हेगार कोण, एवढाच प्रश्न असतो. उत्तर कळले की चित्रपट संपतो आणि पुन्हा पाहण्याचे कारण उरत नाही. ‘पाठलाग’मध्ये प्रश्न वेगळा आहे : ही बाई कोण? या प्रश्नाचे उत्तर पोलिसांपेक्षाही नवऱ्याला हवे आहे, आणि तेच त्याला नकोही आहे. ती परकी ठरली तर पत्नी कायमची गेली. ती पत्नीच ठरली तर मग आपण अग्नी दिला तो कुणाला? दोन्हीकडून कोंडी. पत्नीचा मृत्यू प्रेक्षकानेही सुरुवातीलाच मान्य केलेला असल्याने तोही या कोंडीत सापडतो. डोळ्यांनी पाहिलेले खरे मानायचे की कानांनी ऐकलेले? कोर्टातल्या प्रत्येक प्रश्नोत्तरागणिक आपला कौल बदलत राहतो. एकदा ती खोटी वाटते, लगेच खरी वाटते.

आणि उलगडा होतो तेव्हा फसवल्याची भावना मनात येत नाही. सगळ्या खुणा आधीच आपल्यापुढे ठेवलेल्या होत्या, आपणच त्यांचा चुकीचा अर्थ लावला, हे लक्षात येते. म्हणून असा चित्रपट दुसऱ्यांदा पाहण्यातही गोडी असते. पहिल्या वेळी आपण त्या वकिलाबरोबर अंधारात चाचपडतो; दुसऱ्या वेळी त्या बाईबरोबर असतो. कोर्टातले तेच प्रश्न आणि तीच उत्तरे, पण त्यांतले दुःख पहिल्या वेळी दिसलेलेच नसते. राजाभाऊंनी रहस्याला माणसाच्या दुःखाशी बांधले, म्हणून ‘पाठलाग’ टिकला.

काळही या कथेला अनुकूल होता. डाकूंच्या बातम्या तेव्हा रोज वर्तमानपत्रांत असत. आपल्याच मध्य प्रदेशात, चंबळच्या खोऱ्यात, 1960 साली विनोबांपुढे डाकूंनी शस्त्रे खाली ठेवली होती. त्याच साली पडद्यावर आलेल्या ‘जिस देश में गंगा बहती है’ या राज कपूर यांच्या डाकूपटातले एक गाणे तर आपल्या भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमध्येच चित्रित झालेले. डाकू म्हणून पकडलेली बाई एका सुशिक्षित घरावर बायकोचा हक्क सांगते, ही कल्पना तेव्हाच्या प्रेक्षकाला किती हादरवून गेली असेल!

‘पाठलाग’ला त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. लगेच 1965 मध्ये तमिळ भाषेत ‘इदय कमलम’ निघाला आणि 1966 मध्ये हिंदीत राज खोसला यांनी ‘मेरा साया’ काढला. सुनील दत्त आणि साधना यांचा अभिनय, मदन मोहन यांचे संगीत, लतादीदींचे शीर्षकगीत, बरेलीच्या बाजारात हरवलेल्या झुमक्याचे ते गाजलेले गाणे! राज खोसला स्वतः रहस्यपटांचे मोठे जाणकार. ‘वह कौन थी’ त्यांचाच. अशा दिग्दर्शकाला मराठी कथा उचलावीशी वाटली हे राजाभाऊंना मिळालेले वेगळेच पदक म्हणायला हवे. त्याच सुमारास, 1965 मध्ये, हिंदीत गाजलेल्या ‘गुमनाम’चे दिग्दर्शकही एक मराठी राजाच होते, राजा नवाथे.

‘पाठलाग’नंतर राजाभाऊंनी ‘पडछाया’ (1965), ‘गुरुकिल्ली’ (1966), ‘आधार’ (1969) असे चित्रपट दिले. त्यांच्या हाताखाली शिकलेले राजदत्त पुढे स्वतः नामवंत दिग्दर्शक झाले. 9 फेब्रुवारी 1979 रोजी राजाभाऊंचे निधन झाले. त्या काळी मुंबई-पुण्यात गणेशोत्सवात रस्त्यावर पांढरा पडदा बांधून चित्रपट दाखवायची पद्धत होती. पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसे बसत. उलट्या बाजूने पाहणाऱ्यांना नायक डावरा दिसे, पण गोष्टीत काही फरक पडत नसे. राजाभाऊंचे चित्रपट अशा पडद्यांवर हजारो लोकांनी फुकट पाहिले. थिएटरची पायरी न चढलेल्या आजीबाईसुद्धा ‘लाखाची गोष्ट’ पाहून पोट धरून हसल्या.

आपण मराठी माणसे या नर्मदाकाठी पिढ्यान् पिढ्या राहतो आहोत. कारखान्यांत, रेल्वेत, वीज मंडळात, शाळा-कॉलेजांत हिंदी भाषक सहकाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून काम केले. त्यांची गाणी आपली झाली, आपले गणपती त्यांचे झाले. या देवाणघेवाणीत घेतलेले आपल्या मुलांना नीट ठाऊक असते, दिलेले मात्र ती विसरत चालली आहेत. ‘मेरा साया’ त्यांना नावाने तरी माहीत असतो, ‘पाठलाग’ नसतो. यात मुलांचा दोष नाही. आपण सांगितले नाही तर त्यांनी ऐकावे कुणाकडून? कॉलनीतल्या सहकाऱ्यांनाही हे कळले तर आनंदच होईल. आवडत्या चित्रपटाच्या मागे दुसऱ्या भाषेतला आणखी एक चित्रपट उभा आहे, हासुद्धा रहस्याचा उलगडाच की!

यासाठी एक सूचना. उत्सवाच्या दहा दिवसांत भजन, अंताक्षरी, मुलांचे वेशभूषा कार्यक्रम होतातच. एखादी संध्याकाळ राजाभाऊंसाठी राखून ठेवावी. एका दिवशी ‘पाठलाग’ आणि दुसऱ्या दिवशी ‘मेरा साया’ दाखवावा, हिंदी भाषक मित्रमंडळींना सहकुटुंब बोलवावे, आणि मग चहाच्या कपासोबत कोणता चित्रपट सरस यावर खुशाल भांडावे. अट एकच : ज्यांनी आधी पाहिला असेल त्यांनी पहिल्या दिवशी तोंडाला कुलूप लावून बसायचे.

चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा अधिपती असलेल्या श्रीगजाननाच्या चरणी, कथा सांगण्याची कला आयुष्यभर सांभाळणाऱ्या या कलावंताच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!