शारदेचे कैवारी गोविंद बल्लाळ देवल

नाशिकांत ‘शारदा’ नाटकाचें नांव निघालें कीं प्रथम आठवते ती २१ डिसेंबर १९०९ ची रात्र. कलेक्टर जॅक्सन यांच्या निरोपाप्रीत्यर्थ विजयानंद नाट्यगृहांत या नाटकाचा प्रयोग ठरला होता; तेथेंच अनंत कान्हेरे यांनीं जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, आणि पुढल्या वर्षीं ते व त्यांचे दोन सहकारी फांशीं गेले. देशाच्या इतिहासांत त्या रात्रीस तिचें स्थान मिळालें आहे. परंतु त्या नाटकाच्या कर्त्याचें चरित्र शहरांत काय किंवा नाशिक रोडच्या पेठेंत काय, फारसें कोणी सांगत नाहीं. राज्य परक्यांचें असो वा स्वकीयांचें, घरांतल्या अन्यायाचा जाब ज्याचा त्यासच द्यावा लागतो. म्हणून तें चरित्र येथें थोडक्यांत देतों.

गोविंद बल्लाळ देवल यांचा जन्म १८५५ सालीं सांगलीजवळील हरिपूर येथें झाला. बेळगांवास शिकत असतां अण्णासाहेब किर्लोस्कर हे त्यांस गुरु लाभले. १८८० सालीं अण्णासाहेबांनीं पुण्यास संगीत ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणिलें, आणि देवल त्यांच्या मंडळींत सामील झाले. १८८५ सालीं अण्णासाहेब निवर्तल्यावर नटांस तालीम देण्यांत देवलांनीं मोठें नांव मिळविलें. ‘दुर्गा’, ‘मृच्छकटिक’, ‘झुंझारराव’ इत्यादि त्यांचीं नाटकें संस्कृत वा इंग्रजी कृतींच्या आधारानें लिहिलेलीं आहेत. स्वतंत्र नाटक एकच; तें १८९९ सालीं रंगभूमीवर आलेलें ‘शारदा’.

त्याचें कथानक आमच्या व्यापारी वाचकांस पेढीच्या भाषेंत सहज समजेल. पंचाहत्तरीचा धनिक भुजंगनाथ हा गिऱ्हाईक, भद्रेश्वर दीक्षित हा दलाल, बाप कांचनभट हा विक्रेता, आणि कोवळी शारदा हा माल. सौद्यांत सर्वांची संमति आहे. जिचें आयुष्य विकलें जातें तिची मात्र नाहीं, आणि तिच्या आईच्या शब्दास कवडीचेंही मोल नाहीं. तिचें दुःख रंगभूमीवर बोलून दाखविलें तेंही पुरुष नटांनीं, इतकी त्या काळच्या स्त्रीची वाचा बंद होती. ज्या वयांत नातवंडांचीं लग्नें पाहावीं त्या वयांत भुजंगनाथ बोहल्यावर चढूं पाहतो. ज्यानें मुलीचें रक्षण करावें तोच बाप तिची किंमत घेतो. वडील पिढीनें टाकिलेलें कर्तव्य अखेर कोदंड नांवाच्या तरुणास करावें लागतें.

वकिलाच्या नजरेनें पाहतां खरें मर्म पुढेंच आहे. हें लग्न मोडतें कशानें? वराच्या वयानें नव्हे, वधूच्या अश्रूंनीं नव्हे, बापानें पैसा घेतला म्हणूनही नव्हे. वधूवर सगोत्र आहेत हें कोदंड भर मांडवांत उघड करितो, तेव्हां विधि थांबतो. रूढीस गोत्राचा दोष दिसला; मुलीच्या जन्माचा नाश दिसला नाहीं. तिला वांचविणारें दुसरें कलमच समाजापाशीं नव्हतें, हीच आमच्या मतें देवलांची फिर्याद होय.

ती ऐकूं येण्यास कायद्यास फार काळ लागला. १९२९ सालच्या कायद्यानें मुलीच्या विवाहाचें किमान वय १४ ठरविलें व शिक्षा सांगितली, परंतु झालेलें लग्न कायम राहिलें. १९४६ सालीं सगोत्र विवाहाची आडकाठी दूर झाली. शारदेस मिळालेली एकमेव पळवाट अशा रीतीनें गेली, आणि तें योग्यच झालें. मुलीचें रक्षण गोत्रावर अवलंबून असूं नये. लग्नासाठीं विकलेल्या अल्पवयीन मुलीचें लग्न मुळांतच रद्दबातल होय, असें बालविवाहाच्या कायद्यानें स्पष्ट म्हटलें तें २००६ सालीं. म्हणजे ‘शारदे’नंतर १०७ वर्षांनीं.

देवल १९१६ सालीं वारले. त्यांचें काम संपलें, आमचें संपलेलें नाहीं. बालविवाह आजही होतात. सौदा ठरतो तो घराच्या ओसरीवर. तेथें शिपाई नसतो, आप्तेष्ट असतात. कायदा असें लग्न लावणाऱ्यास व त्यास उत्तेजन देणाऱ्यासही शिक्षा सांगतो. तेव्हां पत्रिका छापणाऱ्यानें, मांडव घालणाऱ्यानें, किराणा पुरविणाऱ्यानें विसार घेण्यापूर्वीं नवरीचें वय विचारावें. कोदंडानें भर मांडवांत जें केलें, तें दुकानाच्या उंबऱ्यावर करणें पुष्कळ सोपें आहे.